दोन्ही नावं एकाच बाईची

माझ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीनं फोनवर विचारलं, "आजी, तुझ्या डिग्रीवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरंच. इथल्या ऑफिसात कोणाला हे कळत नाहीये. तू नक्की कोण?" ती हसत होती. मीही हसले आणि कागद शोधून पाठवते म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ खुर्चीतून उठवेना. नावांचा असाच एक प्रश्न पूर्वी मला एका बाईनं माझ्याच दारात विचारला होता, आणि ती हसत नव्हती. ती हकीकत तुमच्या आईवडिलांना मी अर्धीच सांगितली आहे. पूर्ण माहीत होती ती तुमच्या आजोबांना, आणि ते आता नाहीत. मग सांगायची तर मीच, आणि आत्ताच. तुम्ही लांब आहात, इथल्या कोणाची बाजू तुम्हाला घ्यायची नाही, म्हणून तुम्हाला.

आधी नावांचं सांगते. आमच्या वेळी लग्नात मुलीचं नुसतं आडनाव बदलून भागत नसे, तिचं स्वतःचं नावही बदलत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, आणि त्या संध्याकाळपासून सगळे तुम्हाला त्या नावानं हाक मारणार. पहिले काही महिने मी त्या हाकेला वळतच नसे. सासूबाईंनी शेजारी सांगितलं होतं की सून चांगली आहे, पण कानानं जरा कमी आहे. माझी बी.ए.ची पदवी माहेरच्या नावाची. इथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं, की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. एक स्टॅम्पपेपर, एक सही, आणि सव्वीस वर्षं बिनघोर नोकरी.

निवृत्त झाल्यावर आमच्या ओटीवर माणसं यायला लागली. कोणाचा पोस्टाचा फॉर्म, कोणाचं निराधार योजनेचं प्रकरण, कोणाला बँकेत वारस लावायचाय. मी पैसे घेत नसे. मला ते काम आवडायचं, हे कबूल करते. प्रत्येकाचं वेगळं पाकीट, पाकिटावर काय आहे काय नाही याची यादी. अर्जात एखादा रकाना रिकामा दिसला की मला चैन पडत नसे. तुमचे आजोबा म्हणायचे, "हिला स्वर्गात पाठवलंत तर दारातच फॉर्म मागेल आणि चित्रगुप्ताच्या चुका काढील."

अठ्ठ्याण्णव साली, शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या, तेव्हा ती आली. इथं जवळच मिरजोळ्याला राहायची. दर आंब्याला आमच्या बागेत पेट्या भरायला येई, दहाबारा वर्षं. हात असा चालायचा की फळाला डाग लागत नसे. नवरा एका सरकारी कार्यालयात शिपाई होता. नोकरीत असतानाच, कावीळ होऊन, पंधरा दिवसांत गेला. मूलबाळ नव्हतं. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद घेऊन ती ओटीच्या पायरीवर बसली.

"बाई, हापिसातली म्हनतात पेन्शन हाय. पन कागद जुळत नाय म्हनतात."

मी पिशवी उलटी केली. मृत्यूचा दाखला होता, रेशनकार्ड होतं, दोघांचा एक फोटो होता, तोही चांगला, स्टुडिओतला. आणि कार्यालयानं दिलेली चिठ्ठी होती. नवऱ्याच्या सेवापुस्तकात बायकोचं नाव एक होतं आणि रेशनकार्डावर दुसरं. वडिलांचं नाव, गाव, काहीच लिहिलेलं नव्हतं. नुसतं नाव आणि पुढे 'पत्नी'.

तिचं काम अडलं होतं ते एवढ्यावरच. आणि या एवढ्याचं उत्तर तर माझ्या स्वतःच्या कपाटात होतं.

"अगो, यात काय आहे," मी म्हणाले. "लग्नात नाव बदललं असेल तुझं. त्यानं नोकरीला लागताना सासरचं नाव लिहिलं आणि रेशनकार्डवाल्यानं माहेरचं. असंच ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बघून पिशवीची घडी घालायला लागली.

"असंच ना गो?"

"तुमी म्हनता तसं, बाई."

हे वाक्य मी नंतर शेकडो वेळा आठवून पाहिलं आहे. त्या दिवशी मला ते होकारासारखंच वाटलं. आमच्याकडे पेट्या भरायला येणाऱ्या बायका मला 'हो' असं सरळ म्हणतच नसत. 'तुमी म्हनता तसं' हाच त्यांचा हो.

आजोबा आत पेपर वाचत होते. ते तेवढं म्हणाले, "नवऱ्याचं गाव कुठलं? राजापूरकडचं ना? एकदा गावात विचारून घे. एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येशील."

मी गेले नाही. गावात विचारायचं म्हणजे चार माणसं चार गोष्टी सांगणार, त्यापेक्षा कागद बरा, असं माझं मत. सव्वीस वर्षं मी मुलींना सांगत आले होते, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, लिहिलेलं वाचा.

प्रतिज्ञापत्र तिनं करायचं होतं, आणि तिला ओळखणाऱ्या एका प्रतिष्ठित व्यक्तीनं. ती व्यक्ती मी. तहसील कार्यालयात आम्ही दोघी गेलो. मी शपथेवर लिहून दिलं की या बाईला मी बारा वर्षं ओळखते आणि वरील दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. पहिलं अर्ध वाक्य खरं होतं. दुसऱ्या अर्ध्याबद्दल मला काही माहीत नव्हतं, आणि ते आपल्याला माहीत नाही हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

पेन्शन मंजूर झाली. सेवापुस्तकातल्या नावानं बँकेत खातं उघडायचं ठरलं. मी म्हणाले, अंगठा कशाला, सही शिकवते. ती आठवडाभर दुपारी यायची. बाजारातून येताना मी एक पाटी आणली होती, तिच्यावर मी नाव लिहून द्यायची आणि तिनं ते गिरवायचं. आंब्याच्या पेटीत पेंढा इतक्या हलक्या हातानं लावणारी ही बाई, पण त्या चार अक्षरांशी हात दगड होई. पेन्सिली मोडायच्या. एकदा तिनं पाटी बाजूला सारली.

"नको बाई ह्या नाव. आंगठाच बरा."

"ह्या नाव नको म्हणजे? तुझंच नाव ना ते!"

ती हसली. कसंतरीच हसली. "माज्या जिभेला बी येत नाय, हाताला कुठनं येनार?"

"मलाही सुरुवातीला येत नसे," मी म्हणाले, आणि सासूबाईंची बहिरेपणाची गोष्ट तिला सांगितली. ती त्या गोष्टीला भरपूर हसली, डोळे पुसले, आणि पाटी पुन्हा ओढून घेतली. शनिवारपर्यंत सही यायला लागली. मला इतका आनंद झाला की मी तिला चहाबरोबर फराळ दिला.

पुढची सहा वर्षं दर नोव्हेंबरात मी तिला बँकेत न्यायची, हयातीचा दाखला द्यायला. पेन्शन घेणाऱ्यानं वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असं स्वतः येऊन दाखवायचं, तो हा दाखला. बँकेत म्हाताऱ्याकोताऱ्यांची गर्दी, कारकून एकेकाचं पूर्ण नाव मोठ्यानं पुकारायचा. तिचं नाव आलं की ती उठायच्या आधी माझ्याकडे बघायची. मी मानेनं हो म्हणायची. परत येताना आम्ही रसाचा एक एक ग्लास घेत असू आणि ती हट्टानं पैसे द्यायची. त्या पेन्शनीवर तिनं घरावर पत्रे घातले, आमच्याकडचं पेट्यांचं काम फक्त हौसेला ठेवलं. श्रावणात काकड्या, पडवळं आणून द्यायची. आजोबांच्या आजारपणात तीन रात्री दवाखान्यात बसली. तुम्ही मे महिन्यात यायचात तेव्हा तुम्हाला फणसाचे गरे काढून द्यायची ती हीच. धाकट्याच्या हाताला चीक लागला तेव्हा तेल लावून सोडवून देणारीसुद्धा हीच.

मला वाटायचं, आयुष्यात दुसरं काही नाही, तर एक काम मी नीट केलं.

दोन हजार चार साली, गणपतीनंतर पंधरा दिवसांनी, सकाळी फाटक वाजलं. अनोळखी बाई. साठीची असेल, काष्टा मारलेलं लुगडं, हातात काळी छत्री. मी तिला बसा म्हटलं, ती बसली नाही.

"तुमी शालंतल्या बाई ना? फॉर्म भरून देतात त्या?"

मी हो म्हटलं.

तिनं कनवटीचा कागद काढावा तसं एक कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. मतदाराचं ओळखपत्र. त्यावर तेच नाव होतं. मी पाटीवर लिहून दिलेलं नाव, पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि राजापूर तालुक्यातलं गाव. फोटो या बाईचा.

"आमच्या वाडीतला एक जन मुंबईस्नं गनपतीला आला व्हता," ती म्हणाली. "त्याचा बापूस पेन्शनीत हाय, त्याला घेऊन गेल्या साली हितल्या ब्यांकेत आला व्हता. त्यानं सांगितलान, वैनी, ब्यांकेत तुजं नाव पुकारलानी, आनि दुसरीच बाई उठली. बरोबर एक चष्म्यावाली बामनीन व्हती, ती मान हलवत व्हती. हापिसात गेली मी. त्यानी कागद दावलानी. तुमचं नाव हाय त्याच्यावर."

मी चष्मा पुसून कार्ड पुन्हा वाचलं.

"तुमी लिवून दिलंत ना, का ती बाई म्हंजे मीच?"

"हो," मी म्हणाले.

"मग मी कोन, ता पन लिवून द्या."

आजोबा दारात येऊन उभे होते. त्यांनीच तिला पाणी दिलं. तेव्हा ती पायरीवर बसली आणि सगळं सांगितलं, फार थोड्या शब्दांत. लग्न लहानपणी झालं. नोकरी लागल्यावर नवरा रत्नागिरीला आला, हिला शेतीसाठी आणि सासऱ्यासाठी गावी ठेवलं. शिमग्याला आणि गणपतीला यायचा. मग शिमग्याचं यायचं बंद झालं. मग गणपतीचंही. इथं दुसरी केल्याचं कळलं तेव्हा सासरा जिवंत होता, तो म्हणाला गप ऱ्हा, घर तर तुझंच आहे. ती गप्प राहिली. एक मुलगी होती, ती लग्न करून दिली. नवरा मेल्याचं तिला तेराव्यानंतर कळलं.

"माज्या नावानं त्यानं कायतरी ठेवलान असंल," ती म्हणाली, "असं माज्या सपनात बी नव्हतं वो."

त्यानं मुद्दाम ठेवलं होतं, की नोकरीला लागताना लिहिलेलं बदलायचा आळस केला, हे मला आजही सांगता येणार नाही. पण ठेवलं होतं तिच्या नावानं.

जाताना ती फाटकापाशी थांबली. "सही पन करते म्हनं ती. माज्या नावाची. मला सोताला येत नाय. तिला कोनी शिकवलानी?"

मी सांगितलं. खोटं बोलण्याचं मला त्या घडीला सुचलं नाही.

त्याच दुपारी मी रिक्षानं मिरजोळ्याला गेले. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मला बघून लगबगीनं पाट मांडायला लागली.

"पाट नको. त्याची पहिली बायको आज माझ्या घरी आली होती."

तिच्या हातातली सुपली तशीच राहिली. मग तिनं ती हळूच खाली ठेवली. नाही म्हणाली नाही, रडली नाही.

"आली ती शेवटाला," एवढंच म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"माज्या नवऱ्याची बायको मला म्हायीत नसंल?"

"मग मला का नाही सांगितलंस? माझ्या ओटीवर बसून, माझ्या हातचा चहा पिऊन, सहा वर्षं तू माझ्याशी खोटं बोललीस!"

"मी कवा बोलली?" आता ती माझ्याकडे सरळ बघत होती, पूर्वी कधी बघितलं नव्हतं तशी. "आटवून सांगा बाई, मी कवा बोलली का ता नाव माजं? तुमीच बोललात. नाव बदललं असंल, तुमी बोललात. लिवलंत तुमी. शिकवलंत तुमी. मी आंगठा देत व्हती."

"गप्प राहिलीस."

"बोलली असती तर फॉर्म भरला असतात?"

उत्तर तिलाही माहीत होतं.

मग मात्र ती माझे पाय धरायला वाकली. "लिवू नका बाई. तिला शेती हाय, घर हाय, लेक-जावई हायत. मला कोन हाय? चौदा वर्सं त्याचं समदं मी केलं. त्याची दारू, त्याची उलटी, शेवटाला त्याला पानी मी पाजलं. ती कुठं व्हती? आनि पेन्शन तिला? का? तर कागदावर नाव तिचं!"

मी पाय मागे घेतले. तो क्षण मला अजून आठवतो. रागानं घेतले, हे खरं आहे. पण ती जे म्हणत होती ते सगळं चूक नव्हतं, आणि म्हणूनच मला तिथं थांबवेना.

संध्याकाळी आजोबांना मी म्हणाले की उद्या जाऊन सगळं लिहून देणार.

"खोट्या शपथेबद्दल पहिली आत जाशील ती तू," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं: "हे बघ, सहा वर्षं होऊन गेली. त्या गावच्या बाईला आपण दरमहा काहीतरी देत जाऊ. हिचंही चालू राहील. कोणाचं काय बिघडतं?"

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून मला असं काही ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं. आणि याहून वाईट म्हणजे, क्षणभर मला ते पटलं. मी रात्रभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना मला वाचवायचं होतं, हे मला ते गेल्यावर समजलं.

मी गेले. जुनं प्रतिज्ञापत्र चुकीचं आहे, त्यातल्या नावांबद्दल मला व्यक्तिशः माहिती नव्हती, असं दुसरं प्रतिज्ञापत्र केलं. कार्यालयातले साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि आवाज न चढवता म्हणाले, "आजी, आम्ही पण चौकशी करायला हवी होती. पण तुमची सही बघितली आणि म्हटलं, शिकलेल्या बाईंनी लिहून दिलंय म्हणजे बघितलंच असणार." माझ्यावर त्यांनी काही केलं नाही. ताकीद दिली. मला वाटतं, केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मिरजोळ्याच्या बाईची पेन्शन पुढच्याच महिन्यात बंद झाली. कायद्यानं तिचं लग्न लग्नच नव्हतं, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता. घेतलेलं परत करा अशी नोटीसही आली, पण वसूल कुठून करणार, पुढं ते तसंच राहिलं. नोटीस आली त्या दिवशी ती आमच्या फाटकापाशी आली. आत आली नाही. दोन्ही बाजूंच्या शेजारणी बाहेर याव्यात इतक्या मोठ्यानं बोलली. "बाईनी मला नाव दिलानी आनि बाईनीच काडून घेतलानी! फुकट फॉर्म भरतात म्हनं! फुकटचं असंच असता!" मी ओटीवर उभी राहून ऐकून घेतलं. आजोबा मला आत चल म्हणत होते. मी गेले नाही.

मी तिच्यासाठी एक शेवटचं काम करून पाहिलं. निराधार योजनेचा अर्ज भरला, या वेळी तिच्या स्वतःच्या नावानं, आणि सहीसाठी शेजारच्या बाईकरवी पाठवला. तो सहीशिवाय परत आला, चुरगाळून पुन्हा सरळ केलेला. शेजारीण म्हणाली, "ती म्हणते, बाईंच्या हातचा कागद नको."

आणि जिच्यासाठी मी हे सगळं केलं असं मला वाटत होतं, तिनं? तिची पेन्शन सुरू व्हायला पावणेदोन वर्षं लागली. मध्ये मी राजापूरला गेले, एसटीनं, सात वर्षांपूर्वी जायला हवं होतं तशी. म्हटलं, अर्ज अडला असेल तर मी बघते. ती भात झोडत होती. तिनं मला घोंगडी टाकून बसवलं, कोकमाचं सरबत दिलं, सगळं रीतीप्रमाणे. मग म्हणाली, "फॉर्म गिरामसेवक भरतो. तुमी नको, बाई." वाईट बोलली नाही. पण सरबताचा ग्लास मी पुरा करायच्या आत उठून झोडणीला लागली.

तुम्हाला हे वाचून वाटेल की आजी एवढी शिकलेली, तिला एका बाईनं फसवलं. मीही बरीच वर्षं असंच सांगत होते, निदान स्वतःला. तिनं मला फसवलं हे खरंच आहे. तिच्या गप्प बसण्याला मी माफ केलेलं नाही, करेन असंही वाटत नाही. तीन रात्री दवाखान्यात बसलेली बाई आणि बँकेत दुसरीच्या नावाला उठणारी बाई, या दोघी एकच आहेत हे मला आजही नीट जुळवता येत नाही. पण त्या दिवशी ओटीवर खोटं रचलं ते मी. तिनं ते फक्त उचललं. रकाना रिकामा होता, आणि माझ्याकडे त्यात बसेल असं उत्तर होतं.

त्यानंतर मी कोणाचा अर्ज भरला नाही. पाकिटं ज्याची त्याला देऊन टाकली. माणसं काही दिवस येत राहिली, मग यायची थांबली.

आज काय शिल्लक आहे ते सांगते. राजापूरच्या बाईंना पेन्शन मिळते, तब्येत बरी आहे असं ऐकते. मिरजोळ्याची आता काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाते. परवा रस्त्यात समोरासमोर आलो, तिनं वाट बदलली. दोघी आहेत, दोन नावांच्या दोन बायका.